सत्य आणि साक्ष : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एका संकल्पनेचा इतिहास

१

योहानाच्या शुभवर्तमानात रोमन सुभेदार पिलात हा आपल्यासमोर उभ्या केलेल्या बंदिवानाला सत्य म्हणजे काय असे विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता बाहेर जमलेल्या लोकांकडे निघून जातो. ख्रिस्ती विचारपरंपरेत या प्रसंगाची चर्चा शतकानुशतके होत आली आहे. त्याच शुभवर्तमानात, आदल्या रात्रीच्या भोजनप्रसंगी, येशूने मार्ग, सत्य आणि जीवन ही तिन्ही पदे स्वतःला लावली आहेत. त्यामुळे ग्रंथाच्या वाचकाला जे ठाऊक आहे ते पिलाताला ठाऊक नाही. पिलाताचा प्रश्न 'काय' असा आहे. ग्रंथाने दिलेले उत्तर मात्र 'कोण' या स्वरूपाचे आहे. ख्रिस्ती श्रद्धेतील सत्यविचाराचे वेगळेपण या एका विसंगतीत सामावलेले आहे, आणि या विचाराला दोन हजार वर्षे ज्या अडचणी आल्या त्यांचे मूळही तेथेच आहे. सिद्धान्त सिद्ध करता येतो, लादताही येतो. व्यक्ती सिद्ध करता येत नाही, तिच्यावर विश्वास ठेवावा लागतो.

या विचारामागे दोन भाषांची परंपरा उभी आहे. हिब्रू भाषेत सत्याला 'एमेत' असा शब्द आहे. जे पक्के आहे, ज्यावर भार टाकता येतो, जे ऐनवेळी दगा देत नाही, असा त्याच्या मूळ धातूचा आशय आहे. प्रार्थनेच्या शेवटी उच्चारला जाणारा 'आमेन' हा शब्द त्याच धातूपासून आलेला आहे. ग्रीक भाषेतील 'अलेथेइया' या शब्दाची व्युत्पत्ती 'जे झाकलेले नाही ते' अशी सांगितली जाते. पहिल्या शब्दाचा कल निष्ठेकडे आहे, दुसऱ्याचा ज्ञानाकडे. नव्या कराराची भाषा ग्रीक असली, तरी तो लिहिणाऱ्यांचे मन हिब्रू धर्मग्रंथांवर पोसलेले होते. म्हणूनच योहानाच्या ग्रंथात सत्य हे जाणण्याचे तसेच 'करण्याचे', आचरण्याचे म्हणूनही येते. पुढे लॅटिन भाषेत 'वेरितास' हा शब्द रूढ झाला आणि तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने वस्तू आणि बुद्धी यांची अनुरूपता म्हणजे सत्य ही व्याख्या प्रमाण मानून तिच्यावर मोठी मांडणी केली. युरोपातील ख्रिस्ती धर्मप्रसारक सोळाव्या शतकात हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले, ते या तिहेरी वारशासह.

येथे त्यांची गाठ 'सत्य' या संस्कृत शब्दाशी पडली. हा शब्द 'असणे' या अर्थाच्या धातूपासून सिद्ध झालेला आहे. जे आहे ते सत्य. मात्र मराठी माणसाच्या मनात या शब्दाचे दोन संस्कार शेजारी शेजारी नांदत आले आहेत. वेदान्ताच्या परिभाषेत सत्याचा विरुद्धार्थी शब्द 'मिथ्या' आहे आणि प्रश्न अस्तित्वाचा आहे. हरिश्चंद्राच्या कथेत सत्याच्या विरुद्ध उभा आहे तो वचनभंग, आणि प्रश्न निष्ठेचा आहे. कीर्तनातून आणि आख्यानांतून घरोघरी पोचलेले सत्य बहुधा हे दुसरे होते. हिब्रू 'एमेत' शब्दाला जवळचे तेच होते, हे विशेष लक्षात घ्यावयास हवे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा चारशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर त्यात सत्याची तीन रूपे दिसतात : सांगितलेले सत्य, सिद्ध केलेले सत्य आणि साक्षीने उभे राहिलेले सत्य. या तिहींचा परस्परांशी असलेला झगडा हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याचे आयुष्य मुख्यतः साष्टी भागात गेले. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ दोन भागांत विभागलेला आहे. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यात येशूचे चरित्र. मराठीच्या गौरवाच्या त्यातील ओव्या महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहेत. त्यामानाने ग्रंथाच्या आरंभीची चौकट कमी चर्चिली गेली आहे.

या चौकटीत नव्याने ख्रिस्ती झालेला एक श्रोता पाद्री गुरूला विनंती करतो. पूर्वीची पुराणे आता निषिद्ध ठरली आहेत; तेव्हा त्यांच्या जागी आम्हांला आमच्या भाषेत दुसरे पुराण का देत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. या विनंतीमागचा इतिहास कठोर आहे. गोव्यात धर्मन्यायपीठ, म्हणजे इन्क्विझिशन, १५६० साली स्थापन झाले. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडली गेली, आणि त्याच वर्षी भरलेल्या गोव्याच्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेने इतर धर्मांच्या ग्रंथांविरुद्ध निर्णय घेतले. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात रोमन लिपीत उतरून घेतलेल्या रामायण-महाभारताच्या मराठी-कोंकणी कथांची जी हस्तलिखिते आहेत, ती या काळाची निशाणी होत. जे वाचण्यास लोकांना बंदी होती, तेच खंडनासाठी आणि भाषा शिकण्यासाठी धर्मगुरू जपून ठेवीत होते.

अशा परिस्थितीत स्टीफन्सने सत्य सांगण्यासाठी पुराणाचा साचा निवडला, याचा अर्थ काय लावावयाचा? केवळ प्रचाराचे कौशल्य म्हणून त्याची बोळवण करता येत नाही. पुराण हा श्रवणाचा प्रकार आहे. त्यात वक्ता असतो, श्रोते असतात, श्रोत्यांना शंका येतात आणि वक्त्याला थांबून त्यांचे निरसन करावे लागते. ही रचना स्वीकारताच कॅटेकिझमची, म्हणजे ठरीव प्रश्न आणि ठरीव उत्तरांची चौकट सैल होते. स्टीफन्सने देवाला 'परमेश्वर' म्हटले, स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले. परंतु पवित्र आत्म्यासारख्या काही मूलभूत सिद्धान्तांच्या बाबतीत त्याने पोर्तुगीज वळणाचे शब्दच कायम ठेवले. जेथे कथा आहे तेथे त्याने देशी शब्दावर विश्वास टाकला, जेथे सिद्धान्त आहे तेथे तो टाकण्यास तो कचरला. सत्याची सीमा कोठे आखावी यासंबंधीचा त्याचा संभ्रमच या शब्दयोजनेत नोंदला गेला आहे असे म्हणता येईल.

गोव्यातील ख्रिस्ती लोकभाषेने मात्र हा प्रश्न आपल्या परीने सोडविला. कोंकणीत श्रद्धेला 'भावार्थ' असा शब्द आहे, आणि 'मी विश्वास ठेवतो' हे सांगण्यासाठी 'सत मानप' असा प्रयोग आहे. धर्ममताचा उच्चार या क्रियापदाने होतो. सत्य येथे बाहेर कोठे तरी सिद्ध होऊन पडलेले नाही. ते मानावयाचे आहे, आणि मानणे हे मनाचे कृत्य आहे. बळाने वाकविता येते ते शरीर; 'मानणे' या क्रियेचा कर्ता दुसरा कोणी होऊ शकत नाही. ज्या भूमीवर धर्मन्यायपीठ मधल्या अल्पशा खंडासह १८१२ पर्यंत चालू राहिले, त्याच भूमीवरील सामान्य भाविकांच्या भाषेत ही जाण टिकून राहिली, ही इतिहासातील एक विलक्षण गोष्ट आहे. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी भाषेचा वापर बंद करण्याचा हुकूम काढला. सत्य लोकांच्या भाषेत सांगावे ही स्टीफन्सची आणि 'पीटर पुराण' लिहिणाऱ्या एतिएन द ला क्रुआची भूमिका सत्तेने सोडून दिली. परिणामी 'क्रिस्तपुराणा'ची परंपरा गोव्यात क्षीण झाली. त्याच्या पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ साली जोसेफ साल्ढाना यांनी मंगळूर येथे तो पुन्हा छापला, आणि देवनागरी आवृत्तीसाठी मराठी वाचकाला १९५६ पर्यंत थांबावे लागले.

३

एकोणिसाव्या शतकात प्रश्नाचे रूप पालटले. विल्यम केरीने श्रीरामपूर येथे १८०५ साली मराठी व्याकरण आणि मत्तयाचे शुभवर्तमान, व १८११ साली नवा करार प्रसिद्ध केला. १८१३ पासून अमेरिकन मिशनचे लोक मुंबईत काम करू लागले. १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन तेथे आला. हे सर्व प्रॉटेस्टंट पंथांचे होते. कंपनी सरकारच्या राज्यात त्यांच्या हाती धर्मन्यायपीठ नव्हते. छापखाना, शाळा आणि वादसभा ही त्यांची साधने होती. साहजिकच सत्याची कसोटी म्हणून 'प्रमाण' हा शब्द पुढे आला.

भाषांतराच्या पातळीवर या काळात एक अखिल भारतीय भेद दिसतो. तमिळ ख्रिस्ती परंपरेत बायबलला 'सत्यवेद' म्हटले गेले. मलयाळम आणि कन्नड भाषांतही तोच शब्द रूढ झाला. बंगालीत केरीने 'धर्मपुस्तक' असे नाव योजिले. मराठीत 'पवित्र शास्त्र' हे नाव स्थिरावले. दक्षिणेत सत्य हे विशेषण ग्रंथाच्या नावातच आले आणि 'वेद' या शब्दाशी त्याची सांगड घातली गेली. त्यामुळे आमचा वेद खरा हा दावा नावातूनच ध्वनित झाला. मराठीत शास्त्र हा शब्द आला, आणि शास्त्र म्हटले की शास्त्रार्थ ओघानेच आला.

तो शास्त्रार्थ महाराष्ट्रात जोमाने झाला. १८३० आणि १८३१ मध्ये विल्सनचे मुंबईत पंडितांशी जाहीर वाद झाले. त्यांतून मोरभट दांडेकर यांचा 'हिंदुधर्मस्थापना' हा ग्रंथ आला आणि त्यास विल्सनने ग्रंथरूपाने उत्तर दिले. १८५७ च्या आरंभी काही महिने विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद घातले. या वादांचे वाङ्मयीन मोल मोठे आहे. मराठी गद्याला युक्तिवादाची शिस्त लागण्यात त्यांचा वाटा आहे. परंतु सत्याच्या दृष्टीने पाहता दोन्ही पक्ष एकाच तत्त्वावर उभे होते : ज्याचे प्रमाण बळकट त्याचे सत्य. वाद संपला तेव्हा प्रत्येक पक्ष आपणच जिंकलो असे मानून घरी गेला, यात नवल नाही.

प्रमाणाच्या या मार्गाचा शेवट कोठे होतो हे पाहावयाचे असेल तर नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या चरित्राकडे वळावे लागते. १८२५ साली जन्मलेले, काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित. जॉन म्यूर याच्या 'मतपरीक्षा' या संस्कृत ग्रंथातील ख्रिस्ती मतांच्या समर्थनाचे खंडन करण्यासाठी त्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहिला. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत, १८४८ साली, त्यांनी स्वतःच बाप्तिस्मा घेतला. पुढे १८६० मध्ये त्यांनी हिंदीत 'षड्दर्शन दर्पण' लिहून सहा दर्शनांची चिकित्सा केली. वरवर पाहता हा एका प्रमाणाकडून दुसऱ्या प्रमाणाकडे झालेला प्रवास दिसतो. परंतु गोऱ्हे यांच्या चरित्रातील सर्वांत बोलका भाग असा की धर्मांतरानंतरही शंकांनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत हा व्रतस्थ वृत्तीचा विद्वान वारंवार स्वतःच्या श्रद्धेची उलटतपासणी करीत राहिला. जो तर्काच्या जोरावर आला त्याला तर्क स्वस्थ बसू देणार नव्हता. तरीही ते ठाम राहिले, ते निष्ठेच्या बळावर. आणि येथेच 'अलेथेइया'कडून 'एमेत'कडे त्यांची वाटचाल झाली असे म्हणावे लागते.

या वादांमागे माणसे होती, याचा विसर पडता कामा नये. १८४३ साली नारायण शेषाद्री यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा अल्पवयीन होता. तो मिशनकडे राहावयास गेला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि न्यायालयाने मुलाला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला जातीत परत घेण्याचा प्रश्न उभा राहिला, त्या वेळी बाळशास्त्री जांभेकरांनी शुद्धीच्या बाजूने उभे राहून सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला. बारा वर्षांच्या आसपासच्या मुलाला सत्याचा निर्णय करण्याचा अधिकार आहे काय? आणि तो नाही असे मानले, तर त्याच्या वतीने तो कोणी करावयाचा? वादसभेत न विचारले गेलेले हे प्रश्न न्यायालयाच्या दारात उभे राहिले. वडिलांचे दुःख खरे होते, आणि मुलाचे आकर्षणही खोटे म्हणता येत नव्हते.

४

याच सुमारास मराठी गद्यात सत्याचे तिसरे रूप डोकावू लागले. बाबा पदमनजी यांनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांनी संपादिलेल्या एका मासिकाचे नाव 'सत्यदीपिका' असे होते. यावरून या शब्दाची त्या काळातील मोहिनी लक्षात येते. ते खंडनमंडनाच्या वाङ्मयातही रमले. पण त्यांचे चिरस्थायी कार्य दुसरे आहे. १८५७ च्या 'यमुनापर्यटन' या कादंबरीत त्यांनी यमुना आणि तिचा पती यांना प्रवासाला धाडले आणि वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या कहाण्या त्यांच्या कानी घातल्या. पुस्तकाचा धर्मप्रचाराचा हेतू उघड आहे. तथापि वाचकाच्या मनावर ठसतात त्या विधवांच्या हकिकती. येथे प्रमाण शास्त्रवचनाचे नाही, सोसणाऱ्या माणसाच्या तोंडच्या शब्दाचे आहे. नंतर लिहिलेल्या 'अरुणोदय' या आत्मचरित्रात तर पदमनजींनी स्वतःच्याच आयुष्याला साक्षीदार केले. धर्मांतराची कारणे देता देता बालपणीच्या घराचे, व्रतवैकल्यांचे, आईवडिलांचे जे चित्र त्यांनी रेखाटले, त्यात टाकून दिलेल्या जगाविषयीचा जिव्हाळाही उतरला आहे.

सत्य हा शब्द ख्रिस्ती वर्तुळाबाहेर नेऊन त्याला सामाजिक आशय देण्याचे कार्य जोतीराव फुले यांनी केले. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या, मिशनऱ्यांच्या शिक्षणकार्याविषयी आदर बाळगणाऱ्या फुल्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी स्थापिलेला समाज 'सत्यशोधक' होता; सत्य हाती आल्याची घोषणा त्या नावात नाही. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त एकाच कुटुंबातील माणसे आपापल्या मनाप्रमाणे वेगवेगळे धर्म स्वीकारून गुण्यागोविंदाने एकत्र नांदतील, असे चित्र आहे. श्रीपत शेषाद्रीच्या प्रकरणानंतर अर्ध्या शतकाच्या आत हे लिहिले गेले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या चित्राचे धैर्य कळते. मिशनऱ्यांनी आणलेल्या सत्याच्या भाषेला महाराष्ट्राने दिलेले हे सर्वांत स्वतंत्र उत्तर होय.

५

ख्रिस्ती श्रद्धेच्या आत राहून सत्याचा प्रश्न ज्यांनी सर्वांत निर्भयपणे विचारला, त्या पंडिता रमाबाई होत. १८५८ साली जन्मलेल्या, संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वॉण्टेज येथे बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती धर्माच्या प्रामाण्याविषयीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचे लेखन त्यांच्या निर्णयाला साहाय्यभूत झाले होते. परंतु बाप्तिस्म्यानंतर त्यांचा आणि अँग्लिकन चर्चमधील त्यांच्या मार्गदर्शक भगिनींचा जो पत्रव्यवहार झाला, तो आज वाचताना वाद संपला नव्हता, नव्या घरात सुरू झाला होता असे दिसते.

त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे दैवतत्त्व, चमत्कार, धर्ममताची ठरीव सूत्रे या सर्वांविषयी रमाबाईंनी प्रश्न उपस्थित केले. भारतातील पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यानंतर दुसऱ्या तशाच जोखडाखाली आपण मान देणार नाही, ही त्यांची भूमिका होती. चर्चने सांगितले म्हणून मान्य करावे हे त्यांच्या बुद्धीला पटत नव्हते. जे ग्रंथात स्वतः वाचले आणि सदसद्विवेकाला पटले, तेच त्या स्वीकारीत होत्या. मार्गदर्शक भगिनींना यात अहंकार दिसला. या पत्रव्यवहाराचे संपादन अ. भि. शहा यांनी केले आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली ते प्रसिद्ध केले. त्यानंतरच रमाबाईंचे हे रूप अभ्यासकांसमोर पूर्णपणे आले. पारतंत्र्यातील देशाची एक स्त्री, आश्रयदात्यांच्या घरी राहून, त्यांच्याच धर्माचा अर्थ त्यांच्याकडून मुकाट्याने घेण्याचे नाकारते. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत 'शारदा सदन' काढले. पुढे त्यावरून पुण्यात वादळ उठले, आणि तेथे त्यांच्यावर नेमका उलटा आरोप झाला, धर्मप्रसाराचा. एका बाजूला त्या पुरेशा ख्रिस्ती नव्हत्या, दुसऱ्या बाजूला त्या फारच ख्रिस्ती होत्या. सत्याचा शोध घेणाऱ्या माणसाची ही कोंडी दोन्ही समाजांना उमगली नाही.

१९०७ साली लिहिलेल्या साक्षीत रमाबाईंनी एक मार्मिक भेद केला आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नंतर सापडला, असा त्याचा आशय आहे. पिलाताच्या प्रश्नातील 'काय' आणि शुभवर्तमानातील 'कोण' यांमधले अंतर त्यांनी स्वतःच्या आयुष्यात असे मोजले होते. या अनुभवानंतर त्यांनी हाती घेतलेले सर्वांत मोठे काम म्हणजे संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर. त्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द खेड्यातल्या अल्पशिक्षित स्त्रीला कळत नाहीत, आणि कळले तरी त्यांना चिकटलेला दार्शनिक अर्थ मूळ अर्थावर सावली धरतो, हा त्यांचा आक्षेप होता. तो अशा व्यक्तीने घेतला जिला संस्कृत मातृभाषेइतके जवळचे होते, म्हणून त्याला वजन आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये स्त्रियांनी खिळे जुळवून, छापून, बांधून हे बायबल तयार केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. दुष्काळातून आणि टाकलेल्या घरांतून आलेल्या बायका सत्याचा ग्रंथ स्वतःच्या हातांनी छापतात, ही घटना कोणत्याही वादसभेपेक्षा अधिक बोलकी आहे.

६

नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यापूर्वी आगगाडीच्या प्रवासात भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार वाचण्यास दिला होता, आणि त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले होते. टिळकांनी आपल्या श्रद्धेचे प्रमाण तर्कात शोधले नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते मानीत. 'अभंगांजली'तील रचनांत त्यांनी वारकरी परंपरेची आर्त, सलगीची भाषा ख्रिस्ताला उद्देशून वापरली. स्टीफन्सने सिद्धान्त आणि कथा यांमध्ये जी सीमारेषा ठेवली होती, ती येथे राहिली नाही. भक्ताला सत्याची व्याख्या हवी नसते, सान्निध्य हवे असते. 'कोण' या प्रश्नाचे उत्तर मराठीत प्रथमच अगदी मराठी सुरात उमटले. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, टिळकांनी 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडून बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. मिशनच्या भिंतींत आपले सत्य मावत नाही, ही जाणीव त्यामागे होती.

बंगालमध्ये याच कालखंडात ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी वेगळी वाट चोखाळली. सच्चिदानंद या वेदान्ती संज्ञेत त्यांनी त्रैक्याचा अर्थ पाहिला आणि १८९८ मध्ये त्यावर संस्कृत स्तोत्र रचले. बंगाली प्रतिभेने दर्शनाचा आश्रय घेतला, मराठी प्रतिभेने भक्तीचा. दोन्ही प्रयत्नांना त्या त्या काळातील चर्चने संशयाने पाहिले. आज दोन्ही भारतीय ख्रिस्ती चिंतनाचे मानदंड मानले जातात.

तथापि टिळकांच्या सत्याची किंमत कोणी मोजली याचा हिशेब टिळकांच्या काव्यात मिळत नाही. तो लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये मिळतो. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रात पतीच्या धर्मांतराच्या वार्तेने कोसळलेली बाई, काही वर्षांची ताटातूट, नातलगांचे टोमणे, लहानग्या मुलाची ओढ हे सारे निवेदिले आहे. पतीने धर्म बदलला म्हणून आपण बदलावा हे तिला मान्य नाही. जातिभेद माणसाने केलेले आहेत हे तिला एके दिवशी स्वतःच्या विचाराने उमगते, आणि मगच ती पाऊल उचलते. १९०० साली तिचा बाप्तिस्मा होतो. या ग्रंथात धर्मसिद्धान्ताची चर्चा जवळजवळ नाही. पतीवर रागावलेली, त्याच्या वेडेपणाला हसणारी, त्याच्यावर निरतिशय प्रेम करणारी लेखिका कोणाचीही बाजू सजवून सांगत नाही, स्वतःची तर नाहीच. ग्रीक भाषेत साक्षीदाराला जो शब्द होता, तोच पुढे धर्मासाठी प्राण देणाऱ्याला लावला गेला. मलयाळममध्ये अशा माणसाला 'रक्तसाक्षी' म्हणतात. लक्ष्मीबाईंची साक्ष रक्ताची नाही, संसाराची आहे. म्हणूनच ती ख्रिस्ती नसलेल्या लक्षावधी मराठी वाचकांनाही खरी वाटली.

७

चारशे वर्षांच्या या वाटचालीकडे पाहता काही गोष्टी स्पष्ट होतात. सत्य जेव्हा सत्तेच्या हाती गेले तेव्हा त्याने ग्रंथ नाहीसे केले, देवळे पाडली आणि शेवटी स्वतःचीच वाणी गमावली. 'क्रिस्तपुराणा'सारखा ग्रंथ स्वकीयांच्या राज्यात लुप्तप्राय झाला. सत्य जेव्हा केवळ प्रमाणाच्या हाती गेले, तेव्हा त्याने भाषा घडविली, विद्वान घडविले, पण मने शांत केली नाहीत. ते साक्षीच्या हाती गेले तेव्हा त्यातून साहित्य निर्माण झाले. हा क्रम केवळ कालानुक्रम नव्हे. गोऱ्हे यांच्या शंकांत आणि स्टीफन्सच्या श्रोत्यांच्या प्रश्नांतही साक्षीचे बीज आहे. उलट रमाबाईंच्या प्रखर युक्तिवादाशिवाय त्यांच्या साक्षीला धार आली नसती. साक्ष म्हणजे विचाराला दिलेली सुट्टी नव्हे.

या इतिहासाची दखल पुढे चर्चलाही घ्यावी लागली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली दोन निवेदने स्वीकारली. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्याचा चर्च अव्हेर करीत नाही, असे एकात म्हटले. सत्य स्वतःच्या सामर्थ्याखेरीज अन्य कोणत्याही बळाने मनावर बिंबविता येत नाही, असा दुसऱ्याचा आशय आहे. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये जी क्षमायाचना केली, तीत सत्याच्या सेवेत घडलेल्या पापांचा स्वतंत्र उल्लेख होता. गोव्यातील एखाद्या सामान्य भाविकाने 'सत मानता' म्हणताना जे न सांगता जाणले होते, ते रोमच्या व्यासपीठावरून उच्चारले जाण्यास साडेतीन-चार शतके लागली. त्यामुळे पाडलेली देवळे उभी राहत नाहीत आणि नष्ट झालेल्या पोथ्या परत येत नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

मराठीत हा प्रवाह आटलेला नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे साहित्य अकादमीच्या अनुवाद पुरस्काराचे मानकरी ठरले. २०२० साली उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. स्टीफन्सच्या श्रोत्याने आपल्या भाषेत पुराण मागितले होते. त्या मागणीची पूर्तता करण्याचे काम प्रत्येक पिढीत नव्याने होत आले आहे, कारण सत्य जर व्यक्तिरूप असेल, तर त्याचा परिचय एकदाच करून देऊन भागत नाही.

हरिश्चंद्राच्या आख्यानात राजाची परीक्षा त्याच्या ज्ञानाची नव्हती, त्याने दिलेल्या शब्दाची होती. ख्रिस्ती श्रद्धेतील सत्याचा अर्थ मराठी माणसाला ज्या लेखकांनी खऱ्या अर्थाने पोचविला, त्यांनी कळत-नकळत हाच मार्ग धरला. त्यांनी सत्य सिद्ध केले की नाही, याविषयी मतभेद राहतील, आणि राहणे उचितही आहे. आपण दिलेल्या शब्दाला ते जागले किंवा नाही, हे मात्र त्यांचे ग्रंथ वाचणाऱ्या कोणत्याही धर्माच्या वाचकाला ठरविता येते.